नडगीचे दुखणे आणि भरतीचे मैदान

रत्नागिरी शहरात पहाटे पाचच्या सुमारास मारुती मंदिराजवळच्या छत्रपती शिवाजी क्रीडांगणाकडे अथवा भाट्याच्या पुळणीकडे कोणी गेले, तर त्याला अंधारात धावणारी माणसे दिसतील. त्यांत दोन वर्ग सहज ओळखू येतात. एक वर्ग प्रकृतिस्वास्थ्यासाठी धावणाऱ्यांचा. त्यांच्या पायांत चांगले बूट असतात, पाय दुखला तर आठवडाभर घरी बसण्याची सोय असते आणि न धावल्याने त्यांचे काही बिघडत नाही. दुसरा वर्ग लांजे, संगमेश्वर, राजापूर या तालुक्यांतून शहरात येऊन खोली घेऊन राहिलेल्या, किंवा शहराच्या आसपासच्या वाड्यांतून सायकलीने येणाऱ्या मुलामुलींचा. ही मुले पोलीस भरतीसाठी किंवा सैन्यभरतीसाठी धावत असतात. त्यांना धावणे थांबवता येत नाही, कारण त्यांच्या घरात पुढची दहावीस वर्षे चूल कशी पेटणार, हे त्या धावण्यावर अवलंबून असते. नडगीचे दुखणे दोन्ही वर्गांना होते. हाड तेच, वेदना तीच; परंतु एकाच्या बाबतीत ती गैरसोय ठरते आणि दुसऱ्याच्या बाबतीत आयुष्याची दिशा बदलणारी आपत्ती ठरते. म्हणूनच हा प्रश्न केवळ वैद्यकाच्या पुस्तकात ठेवून भागणारे नाही.

पोलीस शिपाई भरतीच्या प्रचलित पद्धतीत शारीरिक चाचणीला ५० गुण आहेत. पुरुषांना १६०० मीटर व स्त्रियांना ८०० मीटर धावावे लागते आणि त्यास २० गुण असतात. १०० मीटर धावण्यास १५ आणि गोळाफेकीस १५. म्हणजे ५० पैकी ३५ गुण पायांच्या भरवशावर मिळवायचे. स्पर्धा अशी की काही सेकंदांच्या फरकाने गुण खाली येतात आणि एका गुणाच्या फरकाने नाव यादीबाहेर जाते. अशा परीक्षेच्या तोंडावर नडगी दुखू लागली, तर मुलगा ते दुखणे कोणाला सांगत नाही. वेदनाशामक गोळी घेतो, पोटरीला घट्ट फडके बांधतो आणि धावतो. मैदानावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला फक्त त्याची वेळ दिसते.

हे दुखणे आहे तरी काय? गुडघ्याखाली पुढच्या बाजूस हाताला लागणारे जे मोठे हाड, ज्याला वैद्यकीय परिभाषेत अंतर्जंघास्थी म्हणतात, त्याच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वरच्या भागात, हे दुखणे होते. दुखरा भाग एका ठिपक्याएवढा नसतो. चार बोटांच्या रुंदीहून अधिक लांब पट्ट्यात तो पसरलेला असतो. आरंभी धावायला सुरुवात केली की दुखते, अंग तापले की थांबते आणि नंतर पुन्हा दुखते. याच टप्प्यावर बहुतेक मुलांची फसगत होते. धावता धावता दुखणे थांबते, याचा अर्थ धावणे हेच त्याचे औषध आहे, असा ती समज करून घेतात. पुढे दुखणे धावणे संपेपर्यंत टिकते, मग धावून झाल्यावरही राहते आणि शेवटी जिना उतरतानाही जाणवते.

हाड हे दगडासारखे निर्जीव असते, हा समज या सगळ्याच्या मुळाशी आहे. वस्तुतः हाड अखंड मोडत असते आणि अखंड बांधले जात असते. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो आणि एका किलोमीटरला आठशे ते हजार पावले पडतात. या भाराने हाडात अतिसूक्ष्म इजा होतात. त्या दुरुस्त करण्यासाठी शरीर प्रथम तेथील जुना भाग खोदून काढते आणि मग नवा भाग भरते. खोदण्याचे काम काही आठवड्यांत होते. भरण्याचे काम मात्र महिनोन्‌महिने चालते. म्हणजे ज्याने एकाएकी जोरात धावायला सुरुवात केली, त्याचे हाड मधल्या काळात पूर्वीपेक्षा मजबूत नसते, उलट काहीसे दुबळे असते. घराची जुनी भिंत पाडली आहे, नवीन अजून उभी राहायची आहे आणि त्याच वेळी वर मजला चढवला जात आहे, अशी ही अवस्था होय. तालीम सुरू केल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेव्हा दम वाढलेला असतो आणि मुलाला आपण तयार झालो असे वाटू लागते, नेमकी तेव्हाच नडगी का बोलू लागते, याचा उलगडा येथे होतो. फुप्फुसे आणि स्नायू लवकर शिकतात. हाड सावकाश शिकते.

ही गोष्ट जगातील सैन्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टरने कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर १८९७ साली त्या दुखण्यामागे हाडाची चीर असल्याचे दिसून आले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्रायली सैन्याच्या २९५ नव्या जवानांची पाहणी करण्यात आली, तेव्हा त्यांपैकी ३१ टक्के जवानांच्या हाडांना अशा चिरा पडल्याचे आढळले. पुढे त्याच सैन्याने सरावाचा भार कमी केला आणि जवानांना रोज किमान सहा तास झोप मिळेल असा दंडक घातला, तेव्हा या इजांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. पाय मोडतो तो तरुणांच्या नाजूकपणामुळे नव्हे. भार किती, किती वेगाने वाढवला आणि विश्रांती किती दिली, यावर ते ठरते. ज्या गोष्टी ठरवता येतात, त्या बदलताही येतात.

आता हाच निकष महाराष्ट्रातील भरतीला लावून पाहावा. २०२४ साली पोलीस दलातील १७ हजारांहून अधिक जागांसाठी मार्च महिन्यात अर्ज मागवण्यात आले आणि मैदानी चाचणी १९ जूनला, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, सुरू झाली. अर्जांची संख्या १७ लाखांच्या घरात होती. जागा कधी निघणार, हे वर्षानुवर्षे कळत नाही. निघाल्या की चाचणीची तारीख केव्हा जाहीर होणार, हे कळत नाही. दरम्यानच्या काळात मुलगा आंब्याच्या बागेत, चिऱ्याच्या खाणीवर किंवा एखाद्या दुकानात मजुरी करतो, कारण खायला तर हवेच. तारीख जाहीर झाली की तो काम सोडून धावू लागतो आणि सहा महिन्यांची तयारी सहा आठवड्यांत उरकू पाहतो. शासनाचे वेळापत्रक कागदावर हलते. हाडाचे वेळापत्रक हलत नाही. अनिश्चित भरतीची किंमत अशा रीतीने मुलांच्या नडग्या मोजत असतात.

त्यात कोकणची भूमी. रत्नागिरी जिल्ह्यात सपाट जागा म्हणजे जांभ्याचा सडा. तो उन्हाळ्यात लोखंडासारखा कठीण आणि पावसात शेवाळाने निसरडा. बाकी सगळा चढउतार. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाचे चार महिने मैदानात चिखल असतो, म्हणून मुले डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर धावतात. उतारावर वेगाने धावताना नडगीवर येणारा ताण सपाटीपेक्षा अधिक असतो. पुळणीवर धावावे, तर कोरड्या वाळूत पाय रुततो आणि पोटरीवर ताण येतो. ओली वाळू घट्ट असते, पण ती समुद्राकडे उतरती असल्याने एकाच दिशेने धावणाऱ्याचा एक पाय सतत खाली पडतो. पश्चिम महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या मुलाला मातीचे मोकळे मैदान मिळते. कोकणातल्या मुलाला ते शोधत हिंडावे लागते. परीक्षेतील घड्याळ मात्र दोघांना एकच.

अशा परिस्थितीत काय करता येण्यासारखे आहे, हे प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुष्कळ मुलांना ते सांगणारा दुसरा कोणीच नसतो. पहिली गोष्ट म्हणजे धावणे एकाएकी वाढवू नये. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिले काही आठवडे चालणे आणि धावणे आलटून पालटून करावे, एक दिवसाआड धावावे आणि अंतर व वेग ही दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नयेत. दुसरी गोष्ट, लांब ढांगा टाकू नयेत. पाऊल शरीराच्या फार पुढे टेकले की दणका वाढतो. पावले थोडी आखूड आणि थोडी जलद टाकल्यास, म्हणजे मिनिटाला पडणारी पावले शंभरास पाच-दहा या प्रमाणात वाढवल्यास, हाडावरचा भार कमी होतो. तिसरी गोष्ट, पोटरी बळकट करावी. पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा सावकाश वर-खाली करण्याचा व्यायाम आठवड्यातून तीन वेळा केला, तर त्यास एक पैसाही लागत नाही. चौथी गोष्ट, जागा बदलत राहावी. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या मळ्यांची माती डांबराहून मऊ असते. तेथे ढेकळे आणि बांध पाहून धावावे. पुळणीवर धावल्यास जितके एका दिशेने तितकेच उलट दिशेने धावावे. पाचवी गोष्ट झोपेची. रात्री उशिरापर्यंत लेखी परीक्षेचा अभ्यास आणि पहाटे चारला मैदान, हा क्रम शौर्याचा वाटला तरी हाडाच्या दृष्टीने तो घातकच आहे. धावण्यापूर्वी पाय ताणले की दुखणे होत नाही, ही समजूत सर्वत्र आढळते. परंतु २००० साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियन सैन्यातील १५३८ जवानांवरील प्रयोगात तशा ताणाने इजा कमी झाल्या नाहीत. अंग तापवण्यासाठी दहा मिनिटे भरभर चालणे व सावकाश धावणे यांवर तो वेळ खर्चावा.

दुखणे सुरू झालेच, तर उपाय साधा आहे आणि म्हणूनच तो कोणाला पटत नाही. धावणे थांबवावे किंवा न दुखण्याइतके कमी करावे. दोन ते सहा आठवडे सायकल, पोहणे, कमरेइतक्या पाण्यात चालणे अशा व्यायामांनी दम टिकवता येतो. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटे धरल्यास वेदना कमी होते. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीसाठी बर्फाचे ढीग पडतात, पण आतल्या वाडीत बर्फ नसेल तर विहिरीच्या गार पाण्याची घडीही चालेल. बर्फाने हाड भरून येत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. गोळी घेऊन धावणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. वेदना ही पहाऱ्यावरील शिपायाची शिटी असते. शिपायाचे तोंड बांधले म्हणून चोर जात नाही. चालताना, जिना चढउतार करताना व एका पायावर उडी मारताना अजिबात दुखत नाही, असे झाल्यावरच पुन्हा धावणे सुरू करावे, आणि तेही पूर्वीच्या निम्म्याहून कमी अंतराने.

काही लक्षणे मात्र घरगुती उपायांच्या पलीकडची असतात. दुखणे एकाच बोटभर जागी केंद्रित झाले, तेथे दाबल्यावर कळ आली, रात्री अंथरुणातही ठणका लागला, तर हाडाला चीर पडल्याची शंका घेऊन डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. अशी चीर पहिल्या दोनतीन आठवड्यांत साध्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसत नाही. ‘फोटो चांगला आहे’ एवढ्यावर समाधान मानून धावणाऱ्या मुलाचे हाड प्रत्यक्ष मोडू शकते. धावताना पोटरी दगडासारखी ताठ होऊन पाऊल बधिर पडत असेल, तर ते निराळे दुखणे आहे. इजेनंतर असह्य वेदनेसह पाय फुगून ताठ झाला, तर तासाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे लागते.

मुलींचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला पाहिजे. महाराष्ट्राच्या पोलीस दलात स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु नडगीचे दुखणे स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक आढळते, आणि त्याची कारणे केवळ शरीरात नाहीत. लहानपणी मुलगा खेळतो तेव्हा मुलगी पाणी भरते; खेळातून हाडाला हळूहळू होणारी सवय तिला मिळत नाही. पहाटे अंधारात एकटीने रस्त्यावर धावणे तिला सुरक्षित वाटत नाही, म्हणून ती मुलांच्या घोळक्यात, त्यांच्याच वेगाने आणि त्यांच्याच ढांगांनी धावते. ब्रिटनच्या हवाई दलात उंच पुरुषांच्या ढांगांशी जुळवून कूच करावे लागल्याने इजा झालेल्या तीन स्त्रियांना तेथील संरक्षण खात्याकडून भरपाई मिळाल्याचे २०१३ साली उघड झाले. ज्या इजेला तेथे मालकाची जबाबदारी मानले गेले, तिला येथे मुलीचा दुबळेपणा म्हटले जाते. पुरेसे अन्न न घेता कष्ट केल्यास मुलीची पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि त्याबरोबर हाडेही दुबळी होतात, हे तिला कोणी सांगत नाही. घरात सर्वांत शेवटी जेवणारी मुलगी जेव्हा सर्वांत आधी उठून धावते, तेव्हा ती आपल्या हाडांतून खर्च करीत असते.

अन्नाचा मुद्दा मुलांनाही लागू आहे. नाचणीसारखे चुनखनिजयुक्त धान्य, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, कुळीथ ही कोकणची जुनी शिदोरी हाडांना उपकारक आहे. परंतु खोली घेऊन राहणारा मुलगा वडापाव आणि चहा यांवर दिवस काढतो, कारण तेच त्याच्या खिशाला परवडते. चांगल्या बुटांची किंमत त्याच्या कुटुंबाच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी असते. अशा मुलाला ‘पौष्टिक खा आणि दर्जेदार बूट वापरा’ असा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, पोलिसाचे आणि शिपायाचे काम कष्टाचे. ज्याची नडगी सोसत नाही, त्याने त्या वाटेस जाऊच नये. हा युक्तिवाद वरवर कणखर भासतो, पण तो टिकत नाही. योग्य तयारीसाठी अवधी मिळालेले हाड हा भार सोसते. तो अवधी नाकारल्याने जे गळतात, ते अपात्र असतात असे नव्हे, ते निर्धन असतात. सहा महिने मजुरी न करता तालीम करणे ज्याला शक्य आहे, तो टिकतो. गुणवत्तेच्या नावाखाली येथे सवडीचीच परीक्षा होते. चाचणी मुळीच नको, असे कोणी म्हणत नाही. पण चाचणीचे नियम हे काही निसर्गनियम नव्हेत. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात तरुण उमेदवार मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. मरण आले तेव्हा नियम बदलला. मरणाच्या अलीकडे जी हजारो अपंग स्वप्ने आहेत, त्यांच्यासाठी नियम बदलण्याची निकड अजून कोणाला वाटलेली नाही.

या धावण्यामागचे अर्थकारणही विसरता येणार नाही. एके काळी रत्नागिरी जिल्ह्यातील घरे मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत. १९८२ चा संप आणि त्यानंतर बंद पडलेल्या गिरण्या यांनी तो आधार गेला. कायम वेतनाची, निवृत्तीपर्यंत टिकणारी नोकरी म्हणजे खाकी वर्दी, असे समीकरण त्यानंतर अधिकच घट्ट झाले. सैन्याच्या बाबतीत २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेने तेही मोडले. चार वर्षांनंतर शंभरातील पंचवीसच जणांना कायम ठेवण्याची ती योजना आहे. म्हणजे धावायचे तितकेच, हाड झिजवायचे तितकेच, आणि पदरात पडायची ती बहुतेकांच्या बाबतीत चार वर्षांची चाकरी. जेव्हा काम थोडे आणि हात अनेक असतात, तेव्हा माणसाचे शरीर ही चाळणी बनते. नडगी दुखण्याचे खरे मूळ शोधू गेल्यास ते घोट्याच्या वर सापडत नाही; रोजगाराच्या दुष्काळात सापडते.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. भरतीचे वार्षिक वेळापत्रक आगाऊ जाहीर व्हावे आणि मैदानी चाचणीची तारीख किमान चार महिने आधी कळावी. कोकणात पावसाळ्यात मैदानी चाचणी घेऊ नये. प्रत्येक तालुक्याला मातीचा धावमार्ग असलेले, मुलींसाठी दिवाबत्तीची सोय असलेले एक सार्वजनिक मैदान असावे. ज्या उमेदवाराला डॉक्टरी तपासणीत हाडाची इजा आढळेल, त्याला त्याच भरतीत पुढची तारीख मिळावी. मग तो इजा लपवून धावणार नाही. रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्याच्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या आधाराने ग्रामीण रुग्णालयांत ठरावीक वारी व्यायामोपचार तज्ज्ञ उपलब्ध करून देणे अशक्य नाही. यांपैकी एकाही मागणीला धरण बांधण्याइतका पैसा लागत नाही.

मागण्या मान्य होईपर्यंत स्वस्थ बसण्याचेही कारण नाही. १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी मैदान हे समतेच्या शिक्षणाचे स्थान मानले होते, आणि साने गुरुजींचे पालगड याच जिल्ह्यात आहे. जेथे पक्षाचे पाचदहा कार्यकर्ते आहेत, तेथे एका मळ्याची ढेकळे फोडून धावण्याजोगी जागा करता येईल. पहाटे मुलींबरोबर मैदानावर उभे राहता येईल. सेवाभावी डॉक्टरांना महिन्यातून एकदा बोलावता येईल. वापरण्याजोगे बूट गोळा करून देता येतील. मुख्य म्हणजे, दुखते असे सांगण्यात कमीपणा नाही, हे मुलांना पटवता येईल. पहाटेच्या अंधारात जो मुलगा नडगी दाबत मैदानाच्या कडेला बसलेला असतो, त्याच्यापाशी जाऊन कोठे दुखते हे विचारणारा माणूस पहिल्यांदा भेटला पाहिजे. तो कार्यकर्ता पक्षाचा असावा.